हिरव्या दिव्याची दहा मिनिटं

फोर्ज शॉपमध्ये उमेदीची वर्षं काढलेला माणूस ओळखणं सोपं असतं. तो घरातही ओरडून बोलतो आणि जेवताना मीठ हवं असेल तर तोंडाने न मागता हाताने खूण करतो. माझी सून लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने तिला वाटायचं, सासरे सारखे चिडलेले असतात. शेवटी माझ्या बायकोने तिला समजावलं, की चिडलेले नाहीत, पिंपरीत हॅमरजवळ वीस वर्षं होते, म्हणून तसे बोलतात.

संपादकांनी सांगितलंय, कारखान्यातले गमतीचे अनुभव लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की मला आठवतात ते अकरा दिवस, आणि त्यात गंमत फारशी नाही. असलीच तर ती माझीच झालेली आहे.

ज्यांनी हॅमर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हॅमर म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढा यांत्रिक घण. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा ठोकळा निघतो. एक जण तो लांब सांडशीने धरून घणाखाली फिरवतो आणि दुसरा बाजूच्या लिव्हरवर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आवाज इतका, की शेजारच्याने कानात सांगितलेलं ऐकू येत नाही. म्हणून सांडशीवाला मानेने, बोटाने, कधी नुसत्या भुवईने खुणावतो आणि ड्रायव्हर तसा घाव घालतो. हलका, जोरात, थांब. ही जोडी जमायला वर्षं लागतात. जमली नाही तर बोटं जातात, आणि बोटांवर भागलं तर नशीब म्हणायचं.

माझ्या पाळीतली सगळ्यात जुनी जोडी होती इस्माईलभाई आणि रफिक यांची. इस्माईलभाई चाकणचे. घर कांद्याच्या बाजाराला लागून, बोलणं अस्सल तिकडचं. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला शेड उभी राहत होती तेव्हापासून ते लिव्हरवर. रफिक खेडचा, तिशीतला, दोन पोरांचा बाप. तो सांडशी धरायचा. मी शिफ्ट सुपरवायझर. कामगार मला पाठीमागे घड्याळसाहेब म्हणायचे, कारण मी रोज सकाळी रेडिओवर सातच्या बातम्यांच्या ठोक्याला मनगटावरचं घड्याळ लावायचो आणि कोणी दोन मिनिटं उशिरा आला तरी त्याला ते दाखवायचो. या नावाचा मला, खरं सांगायचं तर, अभिमान होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा रमझान थंडीत यायचा. दिवस लहान, हवा गार. भट्टीपुढे उभं राहायला मिळालं तर बरंच वाटायचं. कोण रोजा धरतंय हे आम्हाला कळतही नव्हतं. पण त्यांचा महिना चंद्रावर चालतो आणि आपल्यासारखा अधिक महिना धरत नाही, त्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सरकत सरकत तो ऐंशीनंतर जून-जुलैत आला. वरून पत्रे, पुढे भट्टी, पाऊस पडला तर दमट वाफ. एरवी पाच वाजता हॅमरवाल्यांना कंपनीचं ताक आणि मिठाच्या गोळ्या मिळायच्या. रमझानमध्ये हे दोघे आपला ताकाचा ग्लास शेजारच्याला द्यायचे आणि गोळी खिशात टाकायचे. 

पहिल्या उन्हाळी रमझानला मी एक शहाणपणा केला. इस्माईलभाईंना म्हटलं, "महिनाभर स्टोअरला बसा. हलकं काम आहे, पंखा आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना कामावरून काढूनच टाकलं होतं.

"आन लिव्हरवर कोन बसंल? त्यो नवा गडी? रफिकची बोटं नकोत व्हय तुमाला?" मग जरा नरमून म्हणाले, "साहेब, रोजा माजा हाय. हॅमरनं काय पाप केलंय?"

त्या वर्षी मी त्यांना लिव्हरवरच राहू दिलं. पण पुढच्या वर्षी मला एक युक्ती सुचली आणि ती इतकी आवडली, की मी कामगारांपैकी कोणालाही न विचारता ती पार पाडली.

दुसरी पाळी दुपारी साडेतीनला सुरू व्हायची आणि जेवणाची सुट्टी आठला. सूर्य मावळायचा सव्वासातच्या आसपास. म्हणजे रोजा सोडायची वेळ हमखास ऐन कामात यायची. ठोकळा लाल असताना घण थांबवता येत नाही, गार झाला की तो भंगार. भट्टी मात्र अधूनमधून रिकामी व्हायची. नवा माल भरायचा असला की मी केबिनमधलं बटण दाबायचो, केबिनवरचा हिरवा दिवा लागायचा आणि भट्टीवाला माल भरायला घ्यायचा. तेवढी दहा मिनिटं हॅमर रिकामा. मी म्हटलं, मग ही दहा मिनिटं बरोबर सूर्यास्तालाच का आणू नयेत? उत्पादन एका नगाने घटणार नव्हतं.

मॅनेजरसाहेबांकडे गेलो. त्यांनी कागदावरून नजर न काढता ऐकलं.

"तुमच्या जबाबदारीवर करा," ते म्हणाले. "काही अपघात झाला, काही गडबड झाली, तर दुसऱ्या दिवसापासून बंद. आणि मग पुढच्या वर्षीही विचारायला येऊ नका."

मी हो म्हणून बाहेर आलो आणि शेडमध्ये हे सगळ्यांना सांगितलं. मॅनेजरांची अटही सांगितली. इस्माईलभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "लई मोठं काम केलंत, साहेब," ते म्हणाले. मला त्या दिवशी घरी जाताना जमिनीवर चालतोय असं वाटत नव्हतं.

सूर्यास्ताची वेळ मला ठाऊक होती. आमच्या घरी छोटं खिशात मावणारं पंचांग असायचं. माझी सासुरवाडी सोलापूरची. सासऱ्यांच्या ओळखीचा एक कापडवाला दरवर्षी ते छापून गिऱ्हाइकांना वाटायचा आणि एक प्रत आमच्याकडे यायची. त्यात रोजचा सूर्योदय, सूर्यास्त, चतुर्थीचा चंद्रोदय, सगळं मिनिटासकट. मी महिन्याभराच्या वेळा सुवाच्य अक्षरात डायरीत उतरवल्या.

रमझानचा पहिला आठवडा आमची दुसरी पाळी होती. मी मनगटावर डोळा ठेवून बटण दाबायचो. दिवा लागायचा, घण थांबायचा आणि कानात नुसतं घूं होऊन राहायचं. इस्माईलभाई, रफिक आणि आणखी चौघे नळाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. वर्तमानपत्रावर खजूर, केळी, मधे पाण्याचा माठ. त्यांना माझा संकोच नको म्हणून मी केबिनमध्ये त्यांच्याकडे पाठ करून बसायचो. दहा मिनिटांनी दिवा बंद, पुन्हा घण. असे सहा दिवस झाले. दुसऱ्या आठवड्यात आमची पहिली पाळी होती, तेव्हा ते रोजा घरीच सोडायचे. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा दुसरी पाळी आली आणि पुन्हा माझा दिवा.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी ते झालं. दिवा बंद करून मी नुकताच केबिनबाहेर आलो होतो. पहिलाच ठोकळा. रफिकने तो घणाखाली धरला आणि मला दिसलं की त्याची सांडशी खाली चाललीय. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. घण वर उचललेला होता. तो खाली आला असता तर सांडशी उलटून त्याच्या छातीत बसली असती. घण आलाच नाही. इस्माईलभाईंनी लिव्हर तसाच रोखून धरला होता. ठोकळा घरंगळून रफिकच्या बुटापासून हातभर अंतरावर पडला. शेजारच्या दोघांनी त्याला धरून बाजूला बसवलं.

 भीती वाटली की माणूस ओरडतो, तसा मी ओरडलो.

"अरे, आत्ता तर दहा मिनिटं बसून आलास! पाणी नीट प्यायला काय झालं होतं? पाणी नीट पी की!"

रफिकने मान खाली घातली. इस्माईलभाई काहीतरी बोलायला पुढे आले आणि थांबले. मग म्हणाले, "पील साहेब. उद्यापास्नं नीट पील."

मी ती घटना रजिस्टरला लिहिली नाही. लिहिली असती तर दुसऱ्या दिवशी दिवा बंद. नियमाने ती लिहायला हवी होती आणि ते न लिहिणं मला अजून टोचतं. रात्रभर डोळ्यांपुढे तो वर उचललेला घण होता. दहा मिनिटं विश्रांती घेऊन, पाणी पिऊन आलेल्या माणसाला लगेच भोवळ येतेच कशी, हे काही केल्या उमगत नव्हतं.

बुधवारी सकाळी चहा घेत होतो. बायकोने पंचांग उघडलं.

"आज संकष्टी," ती म्हणाली. "चंद्रोदय नऊ पन्नासचा दिलाय. म्हणजे आपल्याकडे दहा वाजता ताट वाढायचं."

"नऊ पन्नासचा आहे तर नऊ पन्नासला वाढ की. दहा मिनिटं उगाच उपाशी का राहायचं?"

"अहो, हे सोलापूरचं पंचांग. तिकडे चंद्र आधी उगवतो. आईने लग्नातच सांगितलं होतं, पिंपरीला दहा मिनिटं धरून चाल."

मी कप खाली ठेवला. "आणि सूर्य?"

"सूर्य काय वेगळा आहे? तोही तिकडे आधीच मावळणार."

तिला माझा चेहरा पाहून वाटलं मला बरं नाही. खरंच बरं नव्हतं. अकरा दिवस मी घड्याळ ठोक्याला लावून, मिनिट न चुकवता, सोलापूरच्या सूर्यास्ताला पिंपरीतल्या माणसांचे रोजे सोडायला लावत होतो. दिवसभर त्या भट्टीपुढे पाण्याचा थेंब न घेता काढायचा आणि शेवटची दहा मिनिटं बाकी असताना माझ्या दिव्याने तो मोडायचा. एवढं मलाही ठाऊक होतं, की सूर्यास्ताआधी खाल्लं तर तो रोजा धरला जात नाही. आणि इस्माईलभाई त्या ऑगस्टमध्ये निवृत्त होणार होते. पहिल्या आठवड्यातच ते मला म्हणाले होते, "हॅमरवर इतकी सालं गेली साहेब, एक बी रोजा सुटला न्हाई. ह्यो शेवटचा रमजान पार पडला की मी मोकळा."

त्या संध्याकाळी मी दिवा दहा मिनिटं उशिरा लावला. भट्टीवाला खुणेने विचारत होता, काय झालं? मी हात हलवून थांब म्हटलं. नंतर इस्माईलभाईंनीही विचारलं, "आज उशीर, साहेब?"

"भट्टी तापली नव्हती," मी म्हणालो. इतकं सरळ खोटं मी यापूर्वी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. ते मान हलवून गेले. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. त्या दिवशी दिवा विझवायच्या आत कट्ट्यावरचा माठ रिकामा झाला होता. एवढे दिवस तो भरलेलाच असायचा. त्यांच्यातला एक जण दुसरी घागर आणायला धावला. मला वाटलं, माझ्या कालच्या ओरडण्याचा परिणाम असेल.

गुरुवारी सुट्टी. मी घरात येरझाऱ्या घालत होतो. न सांगावं तर कोणाला कळणार नव्हतं, आणि माणसांनी मनापासून धरलेला रोजा देव मोजून घेईल, अशी मी माझी समजूत घालत होतो. सांगावं तर त्यांचे अकरा रोजे त्यांच्या हातून काढून घ्यायचे, मॅनेजरांच्या कानावर गेलं तर दिवा कायमचा बंद, आणि घड्याळसाहेबाचं जे व्हायचं ते होणार. दुपारी बायकोच म्हणाली, "एकदा जाऊन सांगून तरी या. इथे फिरून फरशी झिजेल." मी एसटीने चाकणला गेलो.

इस्माईलभाई ओट्यावर बसले होते. समोर रस्त्यावर कांद्याच्या गाड्यांची रांग. मला पाहून ते उठून उभे राहिले. "साहेब? समदं बेस हाय न्हवं?" आणि मी नको नको म्हणत असताना आत चहा सांगितला. घरात सगळ्यांचा रोजा आणि माझ्यासाठी स्टोव्ह पेटला. त्यांच्या बायकोने कपबशी आणून ठेवली. मी हात लावला नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं. पंचांग, सोलापूर, दहा मिनिटं, कालचं भट्टीचं खोटं.

"अकरा रोजे मी बुडवले तुमचे," मी म्हणालो.  "तुमचा शेवटचा रमझान. मी कसे भरून देऊ?"

त्यांनी कपबशी माझ्याकडे सरकवली.

"चा घ्या, साहेब. गार व्हतोय."

"इस्माईलभाई, मी काय सांगतोय..."

"रोजं न्हाई बुडालं," ते म्हणाले. खिशातून त्यांनी एक घडी घातलेलं कार्ड काढलं. चाकणच्या मशिदीतलं, महिन्याभराच्या वेळांचं. "ह्ये पहिल्या दिवसापास्नं माज्याकडं हाय. शेडातलं घड्याळ नळावरनं दिसतंय की. तुमचा दिवा लागला तवाच कळलं, येळ झाली न्हाई म्हून."

मला काही समजेना. "मग दहा मिनिटं तुम्ही तिथे काय करत होता?"

"बसत व्हतो. खजूर हातात घिऊन."

"आणि रोजा?"

"दिवा इझला की येळ व्हायची. मग खजूर तोंडात टाकायचा आन हॅमरवर. पाणी आठच्या सुट्टीत."

ओट्यावर ऊन आलं होतं. मी त्या दहा मिनिटांचा हिशेब मनात लावला आणि मला बसवेना. मी त्यांना दिलेली विश्रांती म्हणजे भरलेल्या माठापुढे कोरड्या घशाने बसणं होतं. पाणी प्यायची मुभा झाली रे झाली, की मीच दिवा विझवून त्यांना घणाखाली पाठवत होतो. माझ्या युक्तीआधी निदान वेळ झाली की उभ्या उभ्या कोणीतरी तोंडाला तांब्या लावायचा. मंगळवारी रफिकची सांडशी का खाली आली, हे आता मला सांगायला कोणाची गरज नव्हती.

"एका शब्दाने सांगायचं होतंत," मी म्हणालो.

"सांगनार व्हतो. पोरं म्हनली, चाचा, नगं. साहेब मॅनेजरकडं गेलं आपल्यापायी. चूक काडली तर मॅनेजर म्हनंल, हीच गडबड, करा बंद. आन तुमी बी..." ते थांबले. "तुमी त्या घड्याळाकडं बघून बटन दाबायचा, तवा लई खूश दिसायचा, साहेब. आमाला बोलवंना."

"आणि रफिक?"

"मंगळवारी म्या ठरवलं व्हतं, आता सांगायचंच. तवर तुमी त्याला वरडलात. मग तर जीभच रेटंना."

मी चहा घेतला. गार झाला होता आणि त्याच्यावर साय धरली होती. उठताना ते म्हणाले, "मॅनेजरला काय बी सांगू नका. आमी बी न्हाई." निघताना मी ते कार्ड मागून घेतलं आणि त्यांच्या ओट्यावर बसून डायरीत पुन्हा सगळ्या वेळा उतरवल्या. आधीच्या पानावर मी काट मारली नाही. ते पान अजून आहे.

मधला एक आठवडा पहिली पाळी होऊन रमझानच्या शेवटच्या दोन दिवसांना आमची पुन्हा दुसरी पाळी आली. पहिल्या दिवशी मी इस्माईलभाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि बटण दाखवलं. "वेळ झाली की तुम्ही दाबायचं. मी घड्याळाकडे बघणार नाही." भट्टीवाल्याला ताकीद दिली, की आता दिवा यांचा.

सव्वासातला दिवा लागला. घण थांबला. ते कट्ट्याकडे निघाले आणि मी सवयीने पाठ फिरवली. तेवढ्यात इस्माईलभाईंनी काचेवर टकटक केली आणि भुवईने खुणावलं, या.

मी कट्ट्यावर जाऊन बसलो. वर्तमानपत्र पसरलेलं होतं. रफिकने माठातून ग्लास भरला. मला वाटलं, आता हा पिणार, आणि मी त्याच्याकडेच बघत होतो, कारण मला ते एकदा पाहायचं होतं. त्याने तो ग्लास माझ्यापुढे धरला.

"घ्या साहेब," तो हसून म्हणाला. "पाणी नीट प्या."

मी ग्लास हातात घेतला आणि त्याने दुसरा भरून तोंडाला लावेपर्यंत मला एक घोटही घेता आला नाही.